खडकमाळचं गायरान आणि तुमचं जग

नाना,

तुमच्या शोकसभेची बातमी परवा सकाळी अकरा वाजता माझ्या टेबलावर आली. सभा संध्याकाळी पाचला होती. बातमीत सभागृह खचाखच भरलं होतं, संस्थाचालक आबासाहेबांना बोलताना तीन वेळा हुंदका अनावर झाला होता आणि उपस्थितांच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या होत्या. सोबत आबासाहेबांचा फोटो होता, खास काढून घेतलेला, मान किंचित खाली, चष्मा हातात. हुंदके तीनच का, असं मी फोन करून विचारलं. त्यांच्या संस्थेचा प्रसिद्धीप्रमुख अगदी नम्रपणे म्हणाला, "ताई, जागेनुसार कमी-जास्त करा ना."

तुम्ही असता तर म्हणाला असता, "शैला, प्रेसनोट आधी येती ते बरंच की. सभेला जायचा त्रास वाचतो." तरीही मी गेले. खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. एकानं तुम्हाला पत्रकारितेचा महामेरू केलं, दुसऱ्यानं विदेशनीतीचे गाढे भाष्यकार, तिसऱ्यानं तुमची कीर्ती सातासमुद्रापार नेऊन ठेवली. तुम्ही हैदराबादच्या पलीकडं कधी गेला नव्हता, आणि हैदराबादलाही गेला होता ते मूतखड्यासाठी, हे त्या सभागृहात बहुधा मला आणि काकूंनाच माहीत होतं. जिल्हा परिषदेचा एक माजी सदस्य छातीवर हात ठेवून म्हणाला, की नानांचे अग्रलेख वाचून मी घडलो. हा माणूस स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेईल. दोन मिनिटांची श्रद्धांजली चाळीस सेकंदांत आटोपली, कारण आबासाहेबांचा मोबाइल वाजला. हुंदका मात्र एकदाही आला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

पेपरच्या मालकांनी चौथ्या पानावर तुमच्यासाठी चार कॉलम राखून ठेवलेत. "तुम्ही त्यांच्या हाताखाली तयार झालात, आता त्यांच्याच खुर्चीवर बसताय, तुम्हीच लिहा," म्हणाले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आपल्याकडं म्हणतात. पण तुम्ही जिवंत असताना मी तुमच्या तोंडावर ना चांगलं बोलले, ना वाईट, त्यामुळं आता बसले तर दोन्ही एकदमच वर येतंय. आधी चांगलं लिहून टाकते, म्हणजे पुढं मन मोकळं करता येईल.

मी अणदूरहून बातम्या पाठवायचे तेव्हाची गोष्ट. पाकिटात बातमी घालायची, एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची, आणि धाराशिवच्या स्टँडवरून आपल्या ऑफिसातलं कुणीतरी ती आणायचं. माझी पहिली बातमी खंडोबाच्या यात्रेची होती. 'यात्रा उत्साहात संपन्न' असं मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. तुम्ही गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर मला बोलावून घेतलंत आणि ओळख-पाळख न करता विचारलंत, "उत्साह कुणी मोजला?" मग स्वतःच म्हणालात, "लोक कुठून आले, पाणी कुठं होतं, कुणाचा खिसा कापला, ते लिही. उत्साह खंडोबाला कळतो, त्याला पेपर लागत न्हाय." दुकानदार माझ्याकडं बघत होता आणि मला रडू येत होतं. त्यानंतर 'उत्साहात' हा शब्द मी आजतागायत छापलेला नाही.

आणि दुसरं, तारखेचं. "कागद हातात आला की आधी तारीख बघायची. मजकूर रचताना माणूस शंभरदा विचार करतो. तारीख टाकताना त्याचं लक्ष जेवणाकडं असतं." हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत त्याला गणती नाही. शेवटी शेवटी मी तुमच्या आधीच वाक्य पुरं करायचे आणि तुम्ही चिडायचात.

राजकारणाची बातमी काढावी तर तुम्हीच. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाच्या वेळी दोन्ही गटांनी सदस्य पळवले होते. कोण कुणाकडं आहे हे एसपी ऑफिसलासुद्धा सांगता येत नव्हतं. तुम्ही कुणालाच फोन केला नाहीत. सकाळी उठून शहरातल्या तीन लाँड्र्या फिरलात. कोणाचे पांढरे कपडे तातडीनं कडक इस्त्रीला आलेत आणि ते न्यायला कुणाची गाडी येणार आहे, एवढंच विचारलंत. दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर सदस्यांची नावं गटवार छापून आली आणि एकही चुकलं नव्हतं. मुंबईचे बातमीदार आपल्याला फोन करून विचारत होते, तुमचा सोर्स कोण म्हणून. तुम्ही म्हणालात, "सोर्स गरम आहे, हात लावू नका." तो आठवडाभर मला या धंद्याचा जो अभिमान वाटला, तो पुढं कधी वाटला नाही. एवढं तुमचं माझ्यावर ऋण आहे, ते मी नाकारत नाही.

मग विधानसभेची निवडणूक झाली, आबासाहेबांचा माणूस पडला, त्याचं खापर तुमच्या बातम्यांवर फुटलं आणि येडशीला तुमच्या दारात तुमची स्कूटर कुणीतरी जाळली. पंचनामा झाला. आरोपी अज्ञात. आठ दिवस तुम्ही घरातून बाहेर पडला नाहीत. नवव्या दिवशी आलात ते काखेत रेडिओ घेऊन, आणि तेव्हापासून आपल्या पेपरात जग अवतरलं.

येडशीत खरखर येते म्हणून तुम्ही रेडिओ घेऊन रामलिंगच्या डोंगराकडं जायचात. परदेशी बातम्या ऐकायचात, वहीत टिपायचात, आणि आजूबाजूला वानरं बसलेली असायची. आम्ही ऑफिसात म्हणायचो, नानांचा पहिला वाचकवर्ग तिथंच आहे. पण लेख उतरायचा तो सुरेख. कुठल्या तरी राष्ट्राध्यक्षानं विरोधकांना तुरुंगात डांबलं, की तुमची लेखणी अशी काही तळपायची, की वाटावं तो राष्ट्राध्यक्ष उद्या सकाळी चहासोबत आपला पेपर वाचून राजीनामा देईल. "मी या सत्ताधीशाला जाहीर प्रश्न विचारतो," असं तुम्ही लिहायचात. विचारा की. त्याला मराठी कुठं येत होतं? त्याची माणसं येडशीला येऊन तुमची स्कूटर थोडीच जाळणार होती?

स्कूटर जळाली म्हणून तुम्ही घाबरलात, याबद्दल मला तुमचा राग नाही. मीही घाबरले असते. भीती समजते मला. पण भीतीवर तुम्ही विद्वत्तेची शाल पांघरलीत आणि आम्हालाच खुजं ठरवायला लागलात. "शैला, रस्ता, गटार, ग्रामपंचायत, यातून वर ये. जरा जगाकडं बघायला शीक." आपल्या जिल्ह्यातला कुणीही सत्ताधीश त्यानंतर तुमच्या जगात कधी आला नाही. तुमचा नकाशा थेट समुद्रापलीकडं सुरू व्हायचा.

आणि आता खडकमाळ. तुम्ही असेपर्यंत हा शब्द आपण दोघांनी पुन्हा एकमेकांसमोर उच्चारला नाही.

बारा वर्षं झाली त्याला. खडकमाळच्या गायरानावर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीवर, वीस-बावीस घरं आज्या-बापापासून ज्वारी-तूर काढत होती. बहुतेक बौद्ध. त्यातलं निम्मं गायरान आबासाहेबांच्या संस्थेला कॉलेजसाठी द्यायचा ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेनं एकमतानं केला, असं कागद म्हणत होता. खाली हजर असलेल्यांची लांबलचक यादी होती. त्यातली निम्मी माणसं त्या दिवशी कर्नाटकात ऊस तोडत होती. उन्हाळ्यात ती कोयते घेऊन परत आली तेव्हा त्यांना कळलं, की आपण एकमतानं हात वर केला होता.

मी तिथं गेले तेव्हा दगडू ओव्हाळ भेटले. ग्रामपंचायतीचे शिपाई. ग्रामसभा असली की सायकलला भोंगा बांधून गावात पुकारायचं त्यांचं काम. मी त्यांना मामा म्हणायचे. ते म्हणाले, "त्या दिशी म्या भोंगा काढलाच न्हाय, बाई. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, ग्रामसेवक गाडीला किक मारून गेला. कसली ग्रामसभा? हालगी तर आमच्या बापानं दीक्षा घेतली तवाच टाकली. पुकारायचं ते म्या या तोंडानं पुकारतो. म्या पुकारलं न्हाय, तर गाव आलं कसं?" मी हे सगळं त्यांच्याकडून लिहून घेतलं. अंगठ्याचा डबा पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि पेन मागितला. प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही त्यांनी एकेक अक्षर दाबून केली. मग म्हणाले, "नाव छापनार न्हवं? छापाच. नाव छापलं म्हंजी गावाला कळतंय. मग मला हात लावायला कुनी धजत न्हाय."

बातमी वाचून तुम्ही चष्मा काढलात. "ह्याला म्हणतात बातमी," म्हणालात. गुरुवारी पहिल्या पानावर तीन कॉलम, असं स्वतःच ठरवलंत. मग म्हणालात, "दुसरी बाजू घ्यावी लागंल. ती मी घेतो, आबासाहेब तुझ्याशी नीट बोलणार न्हाय." दुसरी बाजू घ्यायची म्हणजे प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून घ्यायचं. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. तुम्ही काय केलंत? माझी बातमी, मामांचा जबाब, सहीसकट, उचलून आबासाहेबांच्या बंगल्यावर नेऊन दिलात. "सवडीनं वाचा आणि प्रतिक्रिया द्या" म्हणून ठेवून आलात. जुन्या पत्रकारांची सभ्यता! असल्या सभ्यतेला आमच्या अणदुरात बावळटपणा म्हणतात, आणि तो बावळटपणा होता असंच मी कित्येक वर्षं स्वतःला समजावत राहिले, कारण दुसरा शब्द वापरायची माझी हिंमत नव्हती.

गुरुवारी त्या तीन कॉलमांत तुमचा लेख आला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात एका समाजाच्या जमिनीला कुंपण घालून दुसऱ्यांच्या वसाहती उभ्या राहतायत, त्यावर. मथळा होता 'ज्यांची जमीन, त्यांनाच कुंपण'. मी तो तीनदा वाचला. एकही वाक्य खोटं नव्हतं. शनिवारी दगडूमामांना कामात हयगय केल्याचा ठपका ठेवून कमी केलं. सोमवारी ते ऑफिसात आले. "छापलं न्हाय व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा मागवलात, "वेळ यिऊ दे, दगडू," म्हणालात. चहा झाल्यावर ते शिपायाच्या सवयीनं सगळ्यांचे कप विसळायला उठले. मी त्यांच्या हातातून कप काढून घेतले. तुम्ही खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होता.

बातमी छापली असती तर ते नाव अख्ख्या जिल्ह्याला कळलं असतं आणि त्याच नावानं मामांना राखलं असतं. न छापता तुम्ही ते नाव फक्त एकाच माणसाला कळवलंत, आणि तेही नेमकं ज्याला कळू नये त्याला. भोंगा घेऊन फिरणाऱ्या माणसाला नाव छापण्याचा अर्थ कळत होता, आणि चाळीस वर्षं पत्रकारिता केलेल्या तुम्हाला तो कळत नव्हता, यावर मी कसा विश्वास ठेवू?

माझंही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल स्वतः फार शहाणी. मी राजीनामा लिहिला होता. आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. नवव्या दिवशी त्याच्या पाठीवर भाजीची यादी केली. तेव्हा घरात माझा एकटीचाच पगार होता, हे कारण खरं आहे. पण तुम्ही माझ्याकडं कधीतरी बघाल आणि "चुकलो" म्हणाल, याची मी वाट बघत थांबले, हे जास्त खरं आहे. तुम्ही म्हणाला नाहीत. तीन वर्षांनी त्याच गायरानावरच्या कॉलेजच्या नव्या सभागृहात तुम्हाला आंतरराष्ट्रीय विषयांवरच्या लेखनाचा पुरस्कार मिळाला. निवडलेला लेख कुंपणाचाच होता. शाल तुम्हाला आबासाहेबांनी पांघरली. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन हात धुतले.

परवाची शोकसभाही तिथंच झाली, नाना. त्याच सभागृहात.

महाराष्ट्र दिनाला मी सोलापूरच्या दवाखान्यात तुमच्याकडं आले होते. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच काकूंना काय ते सांगितलं होतं, आणि ती बातमी तुमच्या आधी जिल्हाभर पोहोचली होती. तुम्ही मात्र त्या सकाळी खुशीत होता. काकूंनी तुमची दाढी करून दिली होती. भिंतीवरच्या टीव्हीत मुंबईचं संचलन चाललं होतं आणि तुम्हाला कुठल्या तरी दूरच्या देशातल्या निवडणुकीची पडली होती. अर्धा कॉलम मला तोंडी सांगितलात. मी लिहून घेतला. मग एकदम विचारलंत, "दगडूची पोरगी आपल्याकडं लिहिती म्हणं?"

"हो. मनीषा. तिच्या गावची वार्ताहर आहे दोन वर्षं."

"तारखा तपासती का?"

"तपासते."

तुम्ही चादर छातीपर्यंत ओढून घेतलीत. "आणि दगडू कसा हाय?"

दगडूमामांना जाऊन दोन वर्षं झाली होती. शिपाईपण गेल्यावर ते ढोकीकडं एका रोपवाटिकेत राखणदार होते, तिथंच गेले. हे तुम्हाला सांगणं माझं काम होतं. पण मला वाटलं, आता विचारताय? बारा वर्षांनी, अंगावर चादर ओढून? मी म्हणाले, "चहा घेता का थोडा?" तुम्ही नको म्हणालात. मी निघाले तेव्हा तुम्ही काकूंना उशी नीट करायला सांगत होता. आपलं शेवटचं बोलणं ते. मी उत्तर द्यायला हवं होतं, नाना. तुम्ही लायक होता म्हणून नव्हे. दगडूमामांबद्दल कुणीतरी विचारलं होतं, म्हणून. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

हे एवढं लिहून लेख संपवणार होते. शेवटी दोन बरी वाक्यं घालून, काकूंना दुखणार नाहीत अशी. चार कॉलम भरत आले होते. काल दुपारी मनीषा ऑफिसात आली. एरवी ती मोबाइलवरून बातमी पाठवते, पण काल स्वतः बस धरून आली आणि माझ्यासमोर दोन फोटो ठेवले. खडकमाळ ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकाच्या, म्हणजे ठरावांच्या वहीच्या, पानांचे.

आबासाहेबांच्या संस्थेला उरलेलं गायरानही हवंय. त्यावर तुमच्या नावानं पत्रकारिता भवन बांधायचंय. रविवारी भूमिपूजन. अजून सहा घरं तिथं तूर करतात, त्यात मनीषाचं एक. पंधरा दिवसांत जागा मोकळी करा, असं त्यांना तोंडी सांगून झालंय. ठराव तहसीलला गेलाय. 'थोर पत्रकार कैलासवासी नानासाहेब यांच्या दुःखद निधनाबद्दल ही ग्रामसभा तीव्र शोक व्यक्त करते व त्यांच्या स्मारकासाठी उर्वरित गायरान देण्यास एकमताने मंजुरी देते.'

मी सवयीनं आधी तारीख बघितली. महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा, सकाळी दहा.

पुन्हा बघितली. मनीषा म्हणाली, "तेच दाकवायला आले, ताई. ग्रामसभा सरकारी दिवशीचीच दाकवाय लागती ना. नानांनी डोळं मिटलं, मंग मागच्या ग्रामसभेत ठराव घुसडलाय. ते त्या दिशी जित्ते होते हे कुनाच्या ध्यानातच आलं न्हाय." मग तिनं दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. हजर असलेल्यांची जुनीच यादी उतरवून काढली होती. अकराव्या नंबरला दगडू ओव्हाळ. पुढं अंगठा. "माजा बाप सही करायचा, ताई," ती म्हणाली.

म्हणजे वारलेले दगडूमामा ग्रामसभेला हजर, आणि दाढी करून निवडणुकीवर लेख सांगणारे तुम्ही कैलासवासी. मी हसले, नाना. मोठ्यानं हसले, आणि बाहेरची माणसं आत डोकावली. या लोकांना धड खोटंही बोलता येत नाही, आणि एवढ्यावर हे जिल्हा चालवतात. अशांना तुम्ही घाबरलात? आणि तुम्हाला घाबरलेलं बघून मी?

ग्रामसेवकाला मी फोन केला. कागद दाखवला नाही, मनीषाचं नाव घेतलं नाही. एकच प्रश्न विचारला, की नानांना ग्रामसभेनं श्रद्धांजली कधी वाहिली. तो खूश होऊन म्हणाला, "एक तारखेला, ताई. गाव ढसाढसा रडलं. फोटो पायजे का?" मी उत्तर शब्दाला शब्द लिहून घेतलं. अर्ध्या तासात आबासाहेबांचा फोन आला. आधी म्हणाले, लिहिणाऱ्याची चूक झाली. मग म्हणाले, "अहो ताई, तुमच्या गुरूच्या नावाचं स्मारक हाय. त्यात कशाला खोडा घालता? ते खरंच एक तारखेला होते का नव्हते, आता कोण सांगणार हाय?" तेही मी लिहून घेतलं. दुसरी बाजू पूर्ण झाली.

कोण सांगणार आहे. दवाखान्याचा कागद मिळायला आठवडा जाईल, भूमिपूजन रविवारी आहे. बातमीत माणूस लागतो, ज्यानं तुम्हाला त्या दिवशी त्या वेळी डोळ्यांनी बघितलं. माझी पोरगी यंदा आबासाहेबांच्या त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मालकांची जाहिरातही तिथूनच येते. मला हे सगळं एका मिनिटात दिसलं, आणि हेही दिसलं, की तुम्हालाही तेव्हा असंच सगळं एका मिनिटात दिसलं असणार. तुमच्या खुर्चीवरून ते फार स्पष्ट दिसतं. तेवढ्यापुरती तुमची कीव आली.

मी काकूंना फोन केला. स्मारकाच्या संमतीवर आबासाहेबांची माणसं त्यांची सही घेऊन गेलीत हे मला माहीत होतं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जलमभर वरच्या देशांची भांडणं सोडवली त्यांनी. घरातला नळ दोन वर्षं कोरडा हाय, ते त्यांना कळलं न्हाय." मग म्हणाल्या, "एक तारखेला म्या त्यांची दाढी केली. गालाला जरा ब्लेड लागलं तर माज्यावर वरडले. मेलेलं मानूस वरडतंय व्हय? लिही. आनि माजं नाव घाल. नुसतं 'पत्नी' म्हणून नगं, नाव घाल."

तर नाना, हा लेख छापणार नाही. आपली बातमी मागं सारून तुमचा लेख पुढं जायचा, तसं तुमच्यावरचा लेख मागं सारून ही बातमी पुढं जाईल. जागा तीच, चार कॉलम, फक्त चौथ्या पानावरून पहिल्यावर. मालकांना पान छपाईला सुटल्यावर कळवीन. मथळा 'ग्रामसभेची श्रद्धांजली, नाना हयात असताना'. प्रोसिडिंगच्या दोन्ही पानांचे फोटो, तारखेभोवती लाल वर्तुळ. आणि तारखेच्या खाली अकरावा नंबर, दगडू ओव्हाळ, हयात नाहीत, सही करायचे.

साक्षीला दोन नावं छापतेय. एक काकूंचं, सुशीलाबाई. दुसरं माझं, आडनावासकट. मनीषाचं नाव कुठंच नाही. दगडूमामांचं बोलणं टिपलेली माझी वही बारा वर्षं कपाटात होती, ती मी काल काढून टेबलावर ठेवली.

बाकी तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते वर लिहिलंय, त्यातलं एक अक्षर मागं घेत नाही. पण त्या सकाळी तुम्ही जिवंत होता, आणि दगडू कसा आहे म्हणून विचारलं होतंत. तुमच्या बाजूनं शपथेवर सांगावं असं माझ्याकडं तेवढंच आहे, आणि तेवढं मी उद्या नावानिशी छापतेय.